सोळ्याचं ताट

पॅकहाऊसवर दिवसभर माझ्या हातात रिंग असते,
अठरा मिलीमीटरची.
मणी तिच्यात अडला तर परदेशी,
घरंगळून खाली पडला तर आपला.
सुमेधनं सहा पिल्लांतलं सगळ्यात बारकं उचलून आणलं,
तळहातावर धरून म्हणाला, आई, हा सोळाच भरेल.
तेव्हापासून तो सोळ्या.

फेब्रुवारीत मोहाडीत गोडाला किंमत नसते.
डब्यातून, पिशवीतून, ओढणीच्या गाठीतून
सुटे मणी संध्याकाळी घरी येतात.
आम्ही खायचो, शेजारी खायचे,
आणि सोळ्या दोन पायांवर उभा राहून मागायचा,
मिशांवर रस.
वर गाजर. वर चहातलं बिस्कीट.
लाड म्हणजे आणखी काय असतं?
मला तरी दुसरं कुठं ठाऊक होतं.

मग एका मंगळवारी त्यानं काहीच मागितलं नाही.
कोपऱ्यात गोळा होऊन बसला, दात करकरत,
आणि पिंजऱ्याखालचा पेपर
रात्री अंथरला तसाच कोरा.
त्या लेंड्यांवरून किती बडबडले होते मी!

एसटीनं नाशिक, निमाणीला उतरून रिक्षा,
मांडीवर झाकलेली टोपली.
आहेर मॅडमनी पोटाला नळी लावून ऐकलं,
बराच वेळ ऐकलं.
आतलं चाक थांबलंय, म्हणाल्या.
सुई दिली, पोट कसं चोळायचं ते माझा हात धरून दाखवलं,
आणि मग विचारलं, गवत किती खातो?

गवत?
घरात द्राक्षं असताना गवत कोण घालतं,
हे अगदी ओठांवर आलं होतं.

त्याच्या अंगाएवढा ढीग, म्हणाल्या, वाळल्या गवताचा,
रोज, आणि संपला की पुन्हा.
मूठभर पाला: कोथिंबीर, मुळ्याचा, गाजराचा.
गाजराचा पाला म्हटलं मी, गाजर नाही.
द्राक्ष आठवड्याला एक.
त्याचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, ताई,
घासायला जन्मभर काहीतरी कोरडं लागतं.

हे वाक्य मी परतीच्या बसमध्ये ढकांब्यापर्यंत चघळत होते.

बांधावर गवत आहे की, गुडघ्याएवढं.
पण बागेला फवारा मारला की बांधही न्हातो,
पात्यापात्यावर मोरचुदाचा निळा डाग.
एवढं हिरवं शिवार,
आणि सशाच्या तोंडात घालावी अशी
एक पेंढी सापडेना.

शेवटी येसू गावितला विचारलं,
पेठकडून येते ती, माझ्याच टेबलावर असते.
आमच्या डोंगराचं मारवेल आहे माळ्यावर, म्हणाली,
कार्तिकात कापलेलं. गाय घेतली का?
म्हटलं, ससा.
ती एवढी हसली की हातातला घड निसटला.
“आमच्याकडं सशाला जाळं लावतात.
तुम्ही गवत लावा!”
सोमवारी मात्र भारा घेऊन उतरली,
पैसे मोजून घेतले,
आणि पिंजऱ्यात वाकून बघत म्हणाली,
चार माणसांचं कालवण होईल.
सुमेध दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

सोळ्याही भाऱ्याकडं पाठ करून बसला.
पाला तेवढा ओढून घ्यायचा,
आणि माझ्या रिकाम्या हाताकडं असा बघायचा
की मला बघवेना.
तिसऱ्या रात्री लाईट गेली होती,
अंधारात आवाज आला,
कुणीतरी सावकाश कागद फाडत असल्यासारखा.
मी उठले नाही. श्वाससुद्धा हळू घेतला.

सकाळी पेपरावर एकेचाळीस.
बोटांना सवय, मोजल्या गेल्या.
गोल, कोरड्या, सगळ्या एका मापाच्या.
एक्स्पोर्ट! सुमेध ओरडला,
आणि तसाच शाळेत पळाला, दात न घासता.

आता रविवारी एक मणी.
डब्याच्या झाकणात, मुकादमाची नजर चुकवून,
तो मात्र मी अठराचा आणते.