आजचा उतारा

सकाळी सहाला कूलर बंद करते.
आधी तो, मग देव.
त्या घरघरीत माझाच शब्द मला ऐकू येत नाही.
वाळ्याचं पाणी टपटपायचं थांबेस्तोवर
यांचा चष्मा पुसते, नाकावर चढवते.
वाचता येत नाही आता यांना,
पण चष्म्याशिवाय ऐकूही येत नसावं.

मेकोसाबागेतल्या याच खोलीत एकतीस वर्षं
हे उभ्यानं प्रार्थना करायचे. लांबच लांब.
राजे, अधिकारी, आजारी, प्रवासातले,
बोरकरांची चालू न होणारी स्कूटरसुद्धा
नावानिशी देवाच्या कानावर घातली जायची,
आणि मी डोळे मिटून
कुकरच्या शिट्ट्या मोजायचे.

मागच्या तान्ह्या पोळ्याला
बाहेर लेकरं लाकडी बैल ओढत होती,
आणि यांच्या तोंडातून शब्द गळून गेले,
फाटक्या पोत्यातून ज्वारी गळावी तसे.
एक उरला. आमेन.
भूक लागली, आमेन.
पाठीला खाज सुटली, आमेन.
प्रिसिलाचा रायपूरहून फोन, बाबा, कसे आहात?
आमेन.

म्हणून वाचायचं काम आता माझ्याकडे.
समासात यांनीच पेन्सिलीनं तारखा घातल्यात.
कुठे नुसतं 'नळाला पाणी नाही',
कुठे 'सु. रागावली'.
सु. म्हणजे मी.
कशावरून, ते शास्त्रात नाही.

आणि आमेन पडतं भलत्याच जागी.
ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तिथे.
पेत्र म्हणतो, मी ओळखत नाही त्या माणसाला, तिथे,
कोंबडा अजून आरवायचा असतो.
आधी मी टोकायची, अहो थांबा न, पुढे आहे.
आता जिथे हे थांबतात तिथे मीही थांबते,
ती ओळ पुन्हा बघते,
उकिरड्यात हरवलेली सुई बघावी तशी.

परवा अंजिराचं झाड आलं.
प्रभूला भूक, झाडाला नुसती पानं,
अंजिरांचा हंगामच नव्हता, तरी शाप.
आमेन, म्हणाले हे. ठणठणीत.
मी पुस्तक मिटलं.
मी काटोलकडची, संत्र्याच्या बागेतली.
माझा बाप झाडाला असं कधी बोलला नसता.
बहर हवा असला की तो ताण द्यायचा,
पाणी तोडायचा, पानं मलूल होईस्तोवर.
पण रोज सकाळी बांधावर जायचा,
एक पान मुठीत चुरून बघायचा.
एक दिवस जास्त झाला तर झाड गेलं.
तो दिवस त्याला कळायचा.

पाळकसाहेब भेटायला आले, चहा घेतला,
म्हणाले, बाई, हा परीक्षेचा काळ.
मी म्हटलं, ताण म्हणा हवं तर.
पण ताण देणारा रोज येऊन पान चुरतो हो.
तुम्ही बघितलं का कोणाला येताना?
साहेब कपातल्या सायीकडे बघत राहिले.
आमेन, म्हणाले हे.
कोणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय, उजवा तळवा रोज दाबायचा.
मी मुठीत घेऊन दाबते.
विश्वास आहे की नाही, मला ठाऊक नाही.
सहाला उठते, एवढं आहे.

आज घसा बसलाय.
पुस्तक उघडून बसले, आवाजच फुटेना.
हे वाट बघत राहिले.
कामठी रोडवरून बस गेली, मग दुसरी.
मग यांनी डावा हात उचलून पानावर ठेवला,
बोट सरकवलं. थांबले. सरकवलं.
वाकून बघितलं तर नावं, नुसती नावं,
कोणाला कोण झाला, त्याला कोण,
दरवर्षी मी गाळून पुढे जाते तीच वंशावळ.
घशाच्या तळातून एक नाव काढलं.
मग त्याच्या मुलाचं.

तेवढ्यात दाराशी दूधवाला.
किती देऊ, काकू?
मी बोलायच्या आत आतून आवाज, आमेन.
म्हणजे नेहमीएवढं, असं म्हणत
त्यानं माप बुडवलं.