खळ

बिराजदार मॅडमनी रिपोर्टवरच्या नऊ पूर्णांक दोनभोवती
लाल पेनानं गोल काढला.
म्हणाल्या, पीठ कमी, प्रथिनं जास्त. स्टार्च बंदच समजा.

स्टार्च म्हणजे खळ, हे मला कुणी सांगायला नको.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला, सायझिंग खात्यात,
वाफाळत्या हौदातून सूत काढलं मी.
खळ प्यायल्याशिवाय ताणा मागावर टिकत नाही,
पहिल्याच धोट्याला तटकन तुटतो.

रात्रपाळीहून आलो की चकोल्या असायच्या.
तुरीचं आंबट वरण, त्यात गव्हाच्या तिरक्या वड्या,
वर लसणाची करपायला आलेली फोडणी.
तीन वाडगे. मग चादर डोक्यावर.

आता गव्हाचा डबा माळ्यावर.
सोमवारी राजमणीनं नुसत्या बेसनाच्या केल्या:
टाकल्या चकोल्या, वर आलं पिठलं.
मंगळवारी सोयाबीनच्या. पेंडीचा वास.
म्हटलं, दावणीलाच बांध की मला.
बुधवारी दुधी सोलून लांब पट्ट्या काढल्या,
टॉवेलच्या किनारीसारख्या,
आणि पुण्याहून नात फोनवर ओरडली,
नाना, हा तर पास्ता!
राजमणीनं फोन उलटा ठेवला.

गुरुवारी मीच ओट्याशी गेलो.
बेसन, सोया, मूठभर जवस कुटून,
आणि दोन अंडी, कारण बांधायला काहीतरी लागतंच.
गोळा चिमटीत धरून ताणला,
सूत ताणून बघावं तसा, कान जवळ नेऊन.
ती बघत होती. तेवीस सालच्या लग्नाची सून बघावी
तशी, म्हणजे फार विश्वासानं नव्हे.
ओल्या, किनार चुकलेल्या सेकंड मालाच्या टॉवेलाखाली
अर्धा तास झाकून ठेवला.

चार फुटल्या. बाकीच्या तरल्या.

ती चव नव्हती. खोटं कशाला बोलू.
जवस दाताखाली येत होता, आणि वरणच
सगळा भार ओढत होतं, चिंचेच्या जोरावर.
पण घाम आला कपाळावर, तोच जुना,
आणि पायांतली मुंगी जरा थांबली असं वाटलं,
वाटलं म्हणा.

मी म्हटलं, राजमणी, नवं कापड बघ,
पहिल्या धुण्यात सगळी खळ सोडतं,
चोळामोळा होतं, कुणाचं वाटत नाही.
मग कुठं अंगाला लागतं.

ती म्हणाली, बडबड पुरे.
वाढू का अजून? अर्धाच.