इराणी खणीच्या वळणावर

सकाळी पावणेसहाला रंकाळ्याकाठची वाट
कुणाच्या बापाची नसते.
हे कळायला मला एकावन्न वर्षं लागली
आणि एक बाई.

तशी वाट अरुंद नाही.
दोन सायकली जातात, मधून एक कुत्रं जातं,
कुत्र्याच्या मालकाला ओरडायला जागा उरते.
तालमीची पोरं पळत येतात, ओल्या पाठींची,
न सांगता बाजूला होतात, वस्तादानं लावलेली शिस्त.
तिघी जावा एका ओळीत, विषय चौथीचा.
आणि म्हशी.
म्हशींना घंटी कळत नाही.
म्हशींवर मी कधी चिडलो नाही.
हे फार नंतर लक्षात आलं.

डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय, सायकल घ्या.
घेतली. एकवीस गिअरची. वापरतो तीन.
मुबारक मिस्त्रीनं घंटी बसवून दिली, म्हणाला,
'लई वाजवू नगासा सायेब.
घंटी मिठागत असती.'
साखरेचं जेवढं ऐकलं होतं
तेवढंच मी मिठाचं ऐकलं.

त्या दिवशी ती मधोमध चालत होती.
करडा स्वेटर, कॅनव्हासचे बूट,
पावसाचा पत्ता नसताना हातात मिटलेली छत्री.
मी वाजवली. एकदा, दोनदा, मग सलग,
मधली सुट्टी संपल्यावर शिपाई बडवतो तशी.
ती डावीकडे सरली, मीही डावीकडेच घेतली होती.
ती उजवीकडे, मी उजवीकडे.
करकचून ब्रेक. पाय टेकला. आणि तोंडातून गेलं,
'वाट काय आंदण मिळालीय व्हय?'
त्याच्या शेपटीला अजून एक शब्द होता.
कोल्हापुरात तो मित्रालाही म्हणतात.
ती माझी मित्र नव्हती.

ती काही बोलली नाही.
छत्री या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी माझी घंटी ऐकून
चाळीस पावलं आधीच ती वाट सोडून गवतात उतरली.
मंत्र्याच्या गाड्या जाताना
पोलीस रस्त्याकडं पाठ करतो, तशी उभी,
खणीच्या काळ्या पाण्याकडं तोंड करून.
तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही.
बूट दवानं भिजायचे.
मी घंटी वाजवायची सोडली,
ती चेनच्या आवाजानं ओळखायला लागली.
चेनला तेल पाजलं,
तर टायरखाली खडी बोलायची.

भांडली असती तर सोपं होतं.
आपल्याकडं भांडण मिटवायची रीत आहे,
दोन कटिंग, 'जाऊ दे की गा', पाठीवर थाप.
गवतात उभ्या राहिलेल्या माणसाचं
काय मिटवायचं?

चहावाल्या सदूला विचारलं.
'मगदूम मॅडम,' एवढंच म्हणाला,
आणि माझ्याकडं असं बघितलं
की त्याला तो शेपटीचा शब्दही ठाऊक असावा.

मग एकदा वळणाच्या अलीकडंच उतरलो,
सायकल हातानं ढकलत तिच्यापर्यंत गेलो.
'या की वर. चुकलं माझं.'
ती पाण्याकडंच बघत म्हणाली,
'बावड्याहून राजारामपुरी, बारा वर्षं सायकलनं शाळेवर गेले.
मीपण फार वाजवायची.'
पुढं काही नाही.
आणि वर आली नाही.

आता रोज उतरतो तिथं.
सत्तर पावलं ढकलत जातो, नाडी खाली येते,
डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.
ती उभी असते, एक बूट गवतात, एक फरशीवर.
अजून अर्धाच.

राग गेलाय असं समजू नका.
कालच कानात बोंडं घातलेला एक पोरगा
फोनमध्ये बघत आडवा आला.
शब्द जिभेवर आला, तोच, शेपटीचा.
गिळला. लोखंडासारखा लागला.
घरी येताना टॉवरपाशी
मागून केएमटीनं कर्कश्श हॉर्न दिला.
मी डावीकडं झालो.
तीही डावीकडं.