काटा

कांदा-बटाटा मार्केटात बावीस वर्षं तोलणार आहे मी.
पन्नास किलोच्या गोणीतून एक बटाटा काढला
तर काटा हलत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.
हाताला मात्र कळतो तो.

गेल्या खेपेला वायदंड्यांना दिलं.
घणसोलीच्या नाल्यात ढोपरभर उतरून
गटाराचं तोंड मोकळं करणारा माणूस.
निशाणी नेलकटर.
तीनशे बारा मतं.
मोठ्या पक्षाचा त्यातल्या त्यात बरा होता,
तो दोनशे नव्वदनं पडला
आणि नको तोच आला.
बायकोनं वजाबाकी कॅलेंडरवर करून ठेवलीय, गॅसच्या तारखेशेजारी.
"बावीस उरतात," म्हणते.
तेव्हापासून पाणी पहाटे सव्वातीनला.
हंडा भरताना ती मला उठवत नाही,
नळ तेवढा मोठा सोडते.

काल वायदंडे जिन्यात भेटले. पत्रकं संपली होती.
"बघा, तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले.
चपलेचा अंगठा तुटलेला.
हट्ट न करणारा माणूस फार जड जातो.

आज शाळेची खोली, पुठ्ठ्याचा आडोसा,
बोटावर ओली शाई.
बटण दाबलं.
बीप वाजली, कुणालाही दिलं तरी तेवढीच वाजते.

बाहेर बायको थांबली होती.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
सेक्टरच्या कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, दोघांत एक.
मग ग्लास ठेवताना तीच म्हणाली,
"ते नेलकटर इतकं खाली का छापलंय?
शोधावं लागतं."