गवशे

बॅरी, आपण वर चढलो त्या वर्षी
चहाच्या रांगेत तू म्हणालास,
सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू,
"आता येतील ही हंगामी पाखरं."
मी साखरेच्या चार पुड्या उचलल्या.
मला दोनच लागतात.

आमच्याकडे जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात :
हौशे, नवशे, गवशे.
हौशे मजेला, नवशे नवस फेडायला,
आणि काही गवसतंय का बघायला गवशे.
तू आम्हाला तिसऱ्यांत ढकललंस.
बरं. मग काय गवसलं तेही ऐक.

ओक रोडवर घर घेतलं तेव्हा एजंट बोलला नाही
की दर पंधरवड्याला परगावची माणसं
आमच्या परसावरून, लोखंडी जिन्याने जातील.
पहिल्या शनिवारी दोरीवर परकर होते.
वरून दोनशे जण शिट्ट्या मारत गेले.
तेव्हापासून लुटनमध्ये मी धुणं शुक्रवारीच वाळवते.
खेळाशी माझा पहिला संबंध हा.

ऑफसाइड अजून मला समजावता येत नाही.
पण भिंतीतून येणारा आवाज कळतो.
आपला गोल झाला की कपाटातल्या वाट्या वाजतात,
त्यांचा झाला की जिना.
गुण कापले, खाली ढकललं, आणखी खाली,
जिथले सामने टीव्हीसुद्धा दाखवत नाही,
तेव्हा वर्षानुवर्षं जिनाच जास्त वाजला.
मी एका कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजायची,
दुसरा भिंतीला.
त्याला तिकीट नसतं. म्हणून तुझ्या वहीत नाही ना ते?

दिगंबर व्हॅनच्या कारखान्यात रातपाळीला.
म्हणायचा, हरायला जाताना एवढे कपडे कशाला घालतात ही माणसं?
मग कुणाच्या तरी गाडीत एक जागा रिकामी होती
म्हणून हिस्टनला गेला. भिजून, हरून आला.
जेवला नाही. आणि सोमवारी दोन मफलर घेऊन आला.
फोटो पाहून सांगलीहून नणंदेचा फोन :
"अगंबाई, तिकडेही भगवा?"
"नाही हो वन्सं. नारिंगी."

आता एक कबुली, तू विचारलेली नसताना.
उगवत्या सूर्याला मीही नमस्कार घातलाय.
निनादला बाजारातून पाच पौंडांचा लाल शर्ट आणला होता,
मँचेस्टरचा, वर्गात सगळ्यांकडे होता म्हणून.
शेजारच्या नसरीनचा मुलगा त्याला म्हणाला,
"तू कधी गेलायस तरी का तिथे?"
पोरगं रडत घरी आलं.
बॅरी, तुझा प्रश्न आमच्या घरी
तुझ्या कितीतरी आधी येऊन गेलाय.
त्या शर्टाचं मी फडकं केलं. चांगलं पुसायचं.

पेनल्टीच्या रात्री टीव्हीपुढे नारळ ठेवला होता,
बेरी पार्कातल्या दुकानातला, शेंडी नसलेला.
त्यांचा फटका वरून गेला
आणि मी तसाच धावत मागच्या पायरीवर फोडला.
अर्धा नसरीनने नेला, बर्फी करून पाठवली.
म्हणजे मी नवशी. लिहून घे.

मग एका वर्षात खाली आलो.
मग आणखी एक पायरी खाली.
दिगंबरचे गुडघे गेले. तो घरीच ऐकतो,
वाट्यांच्या कपाटाशी खुर्ची लावून.
म्हणतो, इथून जास्त दिसतं.

मंगळवारी रात्री, शून्य-दोन,
तुझ्या बाजूच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.
त्यातल्या एकीवरची पिशवी तू उचललीस.
बोलला काही नाहीस.
मी बसले. कप हातात धरून तू विचारलंस,
"साखर आहे का जास्तीची?"

कोटाच्या खिशात दोन पुड्या होत्या,
जुन्या, ओल धरून दगड झालेल्या.
लगेच नाही दिल्या.