चौदा सेकंद

शिरोलीच्या शेडमध्ये मी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिले
की माणसं जरा कमी बोलतात.
कॉस्टिंगची बाई आली, म्हणतात,
जसं कुणी वीज तोडायला आलंय.

पोकलेनच्या पाठीमागं बसतं ते वजन,
साडेतीन टन बीड.
बाकी काही करत नाही,
पुढचा हात खाली गेला की मशीन उलटू नये
एवढंच बघतं.
त्याचा रेट द्यायचाय.
भंगार, वीज, वाळू, बेंटोनाइट, रंग,
न्हावा-शेवापर्यंतचं भाडं,
आणि सगळ्यात खाली मजुरी, नऊ टक्के.
पलीकडच्या खरेदीवाल्यानं
त्याच ओळीवर पिवळा रंग मारून पाठवलाय.

वीजबिलाशी घासाघीस कोण करणार?
भंगाराचा भाव तर सकाळचा संध्याकाळी नसतो.
साहेब म्हणाले, बसव कुठंतरी तीन टक्के.
मग उरतो शामगोंडा.

शामगोंडा, मोल्डर, एकतीस वर्षं.
मिक्सरचा घाणा उतरला की
तो वाळू मुठीत दाबतो,
मूठ उघडून बोटांचे ठसे बघतो,
गोळा मधोमध मोडतो, कड बघतो,
मगच मान हलवतो.
चौदा सेकंद.
ओलावा लॅबमध्ये मोजतात, कागद भिंतीवर लावलेला असतो,
म्हणून माझ्या तक्त्यात ही मूठ
'अनावश्यक हालचाल' या रकान्यात पडते.
हिशेब केला. पस्तीस पैसे.

शेजारी गंजामचा सुदर्शन बेहेरा.
त्याला पीएफ आहे का, हे माझ्या शीटला कळत नाही.
ठेकेदाराचं बिल एका ओळीत येतं,
त्यात माणसं मोजायची सोय नसते.
तोही आता मूठ दाबायला लागलाय.
म्हणजे सत्तर पैसे.

सोमवारी कारखान्याला सुट्टी.
घरी बसून शामगोंडाची ग्रॅच्युइटी काढली,
तीस तारखेला तो निघतोय.
शेवटचा पगार गुणिले पंधरा,
भागिले सव्वीस, गुणिले एकतीस.
कायद्याचा महिना सव्वीस दिवसांचा.
उरलेल्या चार दिवसांत
मी माझ्या बापाला उजेडात बघितलंय,
उद्यमनगरातला टर्नर,
दारात बसून कानातला बिडाचा भुगा काढताना.
ते चार दिवस कुठल्या रकान्यात येतात
हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

दोन लाख पंचावन्न हजार सातशे पन्नास.
शामगोंडानं कागद लांब धरून वाचला.
"बरोबर असंल. तू काय चुकत न्हाईस."
आणि माझ्या हातावर वाळू ठेवली.
"दाब."
दाबली.
उघडली तर गोळा भसकन सुटला.
"पाणी कमी हाय," तो म्हणाला.
मी भिंतीकडं बघितलं. कागदावर 'योग्य' लिहिलं होतं,
सही होती, वेळ होती.
त्यानं घाणा परत मिक्सरमध्ये टाकायला लावला.
माझं घड्याळ चालूच होतं.

कोटेशन गेलं. मजुरी कमी झालेली दिसते.
भाडं थोडं दाबलं, रंगाचा एक हात कमी केला,
आणि ते चौदा सेकंद
मी उचलून वाळूच्या ओळीत टाकले.
तिथं कुणी पिवळा रंग मारत नाही.