दोन मीटर चाळीस

आधी वाटलं, पंपावरच सांडलं असेल.
मग परळीला जाताना
मेहुणीनं नाकाला पदर लावला,
म्हणाली, दाजी, तुमची गाडी प्यायलेली आहे.
हसलो. तेव्हा हसलो.

एकोणनव्वदची पद्मिनी, रंग दुधावरच्या सायीचा.
घेतली तेव्हा कारखान्याच्या डिस्टिलरीत
मी ज्युनियर केमिस्ट.
गेटवरचा वॉचमन पहिल्या दिवशी उठून उभा राहिला,
मला नाही, गाडीला.

ताहेर मिस्त्रीचं गॅरेज गंगाखेडात, परळी नाक्यावर, चिंचेखाली.
पिट नाही. दोन ओंडके, एक जॅक.
तो पोतं अंथरून पाठीवर सरकत आत गेला,
बाहेर उरले नुसते पाय,
आणि पाय बोलायला लागले:
साहेब, टाकीपाशी घाम आहे.
मधल्या जोडाला घाम.
पंपाच्या तोंडाशी तर थेंब धरून बसलाय,
पडंना बी, सुकंना बी.

टाकी रिकामी करताना त्यानं नळी तोंडात धरून ओढली,
थुंकला, पुन्हा थुंकला:
पूर्वीचं पेट्रोल असं लागत नव्हतं.
समोर टपरीवर कुणी काडी ओढली
तसा वैजू हातातला पाना टाकून
बोंबलतच रस्ता ओलांडून गेला.
गिऱ्हाईक विडी कानावर ठेवून गुमान बसलं.

गंजलेली क्लिप सुटली.
नळी हातात आली ती काकवीसारखी तार धरत.
बोटात दाबली तर फुगलेली, मग फुटली,
आतून काळे पापुद्रे.
रबर असं म्हातारं होत नसतंय, ताहेर म्हणाला,
ह्याला कुणीतरी खाल्लंय.

एथेनॉल, मी म्हणालो.
घरातल्या पोराचं नाव सांगावं तसं
तोंडातून निघून गेलं.

एकतीस वर्षं मीच मोजलं त्याला.
मळीतून उठताना, फेसाळताना,
काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर तरंगवत
रात्रपाळीत आकडे लिहिले, निळ्या शाईनं.
टँकरच्या झाकणाला शिशाचं सील मीच ठोकायचो.
कुठं जातो, कधी विचारलं नाही.
विचारायचं असतं हे कुणी सांगितलंही नाही.

वास येणं शक्य नाही, मला माहीत आहे,
गाळून, उकळून, सगळं मागं टाकून तो पुढं गेलेला असतो.
तरी त्या विताएवढ्या तुकड्यातून
पहाटे चारची मळीची टाकी आली,
आंबूस, कोमट,
आणि डबा उघडून बसलेला ऑपरेटर कुंडलिक.

म्हणजे तुम्हीच की, ताहेर हसला.
मग मजुरी डबल.

नवी नळी नांदेडहून आलेली,
आतला थर वेगळा, अंगावर पांढरी बारीक अक्षरं.
तो वितीनं मोजत होता, मी टेप काढला.
त्याच्या साडेअकरा विती,
माझे दोन मीटर चाळीस.
चार बोटं जास्त ठेवली. ताणून बसवलेलं टिकत नाही,
हे तो नळीबद्दलच बोलत होता.

मधला लोखंडी पाईप तोच राहू दिला.
ताहेरनं एका टोकाला तोंड लावून फुंकलं,
दुसऱ्या टोकाला वैजूनं तळहात धरला.
आली, वैजू म्हणाला.
मग उगाच मीही हात धरून पाहिला.

आठवा का नववा सेल्फ,
पंप कोरडा खोकला, भरला,
गाडी लागली.
टपरीवरच्यानं कानावरची विडी काढून
वैजूकडं बघितलं.
वैजूनं मान हलवली: अजून नाही.

रात्री इंजिनखाली कालचा पेपर पसरला.
दोनदा उठलो.
सुमन झोपेतच म्हणाली, तुमची पाळी संपली आहे.

सकाळी पेपर कोरडा.
बाजारभावाच्या पानावर
मांजराची चार पावलं,
तिरपी, फाटकाकडं गेलेली.
जुना तुकडा अजून खिशात होता.
धुवायला टाकलेल्या शर्टाच्या.